आधी बँकॉकचा भाव विचार

विमानाच्या तिकिटाला किंमत असते अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. पुस्तकाला असते तशी: मागच्या बाजूला छापलेली, ओळख असली तर दहा टक्के कमी. मी मुलुंडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्यामुळे जगातल्या बहुतेक गोष्टी पुस्तकासारख्या असाव्यात असं मला वाटत राहतं. यंदाच्या मार्चपासून मेपर्यंत मी जे काही शिकले त्याचा सारांश असा, की तिकिटाला किंमत नसते, मनःस्थिती असते.

सुरुवात साधी होती. कॅलगरीहून सुयोगचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, जान्हवीला डॉक्टरांनी बावीस जुलै दिलीय. आईला पाठव. तिकीट तू बघ, भारतातून स्वस्त पडतं म्हणतात." व्हिसा होता, तीन वर्षांपूर्वी आईबाबांनी दोघांनीही काढून ठेवला होता. प्रश्न फक्त तिकिटाचा होता.

"येईन," आई शेजारून म्हणाली. "पण वर्ष झाल्यावर."

बाबा गेल्या पंधरा जुलैला गेले. तेराव्याला सगळे नातेवाईक जेवून हात पुसत असताना आईने जाहीर केलं होतं की वर्षभर ती हे घर सोडून कुठे राहायला जाणार नाही. तिला असं करायला कोणी सांगितलं नव्हतं. उलट दादरच्या मावशीने "चार दिवस माझ्याकडे ये गं" म्हणून रडून घेतलं. आई हलली नाही. बाजार, बँक, डॉक्टर चालेल. पण संध्याकाळी परत नाहूरला, आपल्या दोन खोल्यांत. त्यामुळे आधी वर्षश्राद्ध, मग विमान.

बाबांची तिथी आषाढ वद्य पंचमी. आता ती यंदा कधी येते हे बघायला भिंतीवर दिनदर्शिका लागते. आमच्याकडे ती बाबा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणत आणि जुनी काढायच्या आधी नवी टांगत. या डिसेंबरात ती कोणी आणली नाही, आणि आणली नाही हे दोघींपैकी कोणी बोललंही नाही. स्वयंपाकघरातल्या त्या खिळ्याला आता गॅसचा लायटर लटकतो.

"तिथी दरवर्षी अकरा दिवस आधी येते ना गं?" सुयोग म्हणाला. "पंधरातून अकरा गेले, चार. चार जुलैला श्राद्ध, सातला विमान, बावीसच्या आधी दोन आठवडे हातात. परफेक्ट!"

इंजिनिअरने वजाबाकी केली, ग्रंथपालाने दुजोरा दिला, आईने मान हलवली. हिशेब इतका सुरेख बसला, की तो तपासावा असं तिघांपैकी कोणालाही वाटलं नाही.

बाबांबद्दल इथे थोडं सांगितलं पाहिजे, कारण हे काम खरं त्यांचं होतं. ते ट्रॉम्बेला सरकारी नोकरीत, स्टोअर्समध्ये होते; रोज काळी पँट, पांढरा शर्ट. तीन कोटेशनं आल्याशिवाय तिथे खिळा विकत घेता येत नाही, आणि छत्तीस वर्षांत ही शिस्त त्यांच्या हाडांत गेली होती. घरी कुकरची रिंग आणायची तरी ते तीन दुकानांत विचारत. सुयोग कॅलगरीला गेल्यावर त्यांनी तिकिटांचे भाव बघायला सुरुवात केली, आणि पुढची तीन वर्षं ते बघत राहिले. भाव उतरला की म्हणत, "अजून उतरेल." चढला की म्हणत, "आता उतरेल." एक लाख पाचवर आला तेव्हा ते शंभर टक्के घेणार होते, फक्त तिसरं कोटेशन यायचं होतं.

मग जुलैत सुयोग आला, तिसऱ्या दिवशी, दोन लाख दहा हजारांच्या तिकिटावर. आमच्या घराण्यात विमानासाठी दिलेली ती सगळ्यात मोठी रक्कम, आणि ती देण्याआधी कोणी भाव विचारला नव्हता.

असो.

मी भाव बघायला बसले आहे ही बातमी सोसायटीत एका दिवसात पसरली. समोरच्या दारात ॲम्ब्रोजकाका राहतात. आखातात वीस वर्षं एसी दुरुस्त करून आलेले. मुलगा ग्लेनरॉय ऑकलंडला. वस्ताद नवीन पोराकडे बघतो तशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मंगळवार," ते म्हणाले.

"काय मंगळवार, काका?"

"मंगळवारी दुपारी बुक करायचं. सोमवारी कंपनीवाले रेट टाकतात, मंगळवारी दुसरे बघून पाडतात. शनिवार-रविवार हात पण लावायचा नाय. आणि छप्पन्न दिवस आधी. पंचावन्नाव्या दिवशी गेलं, वाट लागली."

"छप्पन्नच का?"

"आता ते का विचारू नको बाय. अनुभव हाय."

तिसऱ्या मजल्यावरचा केयूर कॉम्प्युटरमधला. त्याचं मत संपूर्ण वेगळं होतं. वार, दिवस काही नसतं. सगळा खेळ कंपनीला आपण ओळखू येण्याचा. "ताई, तू दोनदा एकच तिकीट बघितलंस ना, त्यांना कळतं हिला पाहिजे. तिसऱ्यांदा वाढवतात. इनकॉग्निटोमध्ये बघ. कुकीज उडव. शक्यतो दुसऱ्याच्या फोनवरून बघ."

हे कितपत खरं आहे मला अजूनही माहीत नाही. पण मी माणसांवर नाही तरी यंत्रांवर संशय घ्यायला लवकर तयार होते. मी ओळख लपवून भाव बघू लागले. दाराची कडीसुद्धा लावत असे. तिचा तांत्रिक उपयोग काय, हे मला विचारू नये.

आई हे सगळं भाजी निवडता निवडता ऐकत होती. बाबा गेल्यापासून ती घरातल्या कुठल्याच गोष्टीत मत देत नसे. विचारलं की "तुला हवं ते कर" म्हणे. त्या दिवशी तिने देठ खाली ठेवला.

"म्हणजे आपण बघतोय ते त्यांना दिसतं?"

"असं केयूर म्हणतो."

"मग तू सारखी कॅलगरीच काय विचारत बसलीयस, मूर्खासारखी? कोळणीसमोर पापलेटाकडे बघतं का कोणी?"

माझी आई वेंगुर्ल्याची. मुलुंडच्या मासळीबाजारात तिला ओळखतात ते चांगल्या अर्थाने असं म्हणता येणार नाही. तिची पद्धत अशी: पापलेट हवं असेल तर पापलेटाकडे पाठ करायची. आधी बोंबील विचारायचे, मग बांगडे, बांगड्यांना नाव ठेवायचं, दोन पावलं पुढे जायचं, आणि जाता जाता, जणू आत्ताच नजर गेली, अशा आवाजात "ह्याचं काय गो?" म्हणायचं. वर्षभरात ती बाजारात फारशी गेलीच नव्हती. गेली तरी सांगतील त्या भावाने घेऊन येत होती. कोळणीही गोंधळून गेल्या होत्या.

"आधी दुसरं काहीतरी विचार," ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. "स्वस्तातलं. जवळचं."

"बँकॉक?"

"विचार बँकॉक. दोन माणसांचं विचार. हां. आता महाग आहे म्हण."

"आई, म्हणायची सोय नाही इथे."

"मग बंद कर. उठ, पाणी पी. आता लंडन विचार... नको घेऊस. आता कॅलगरी. हळूच."

भाव दोन हजारांनी उतरला होता.

हा निव्वळ योगायोग होता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. पण आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आठ महिन्यांत पाहिलं नव्हतं. "बघ," ती म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली. त्यानंतर रोज संध्याकाळी कॉलेजातून आले की चहा, आणि चहानंतर आमचा बाजार. बँकॉक, लंडन, एकदा तर नैरोबी. आई मागून सूचना देई: "ह्याला घाई दिसू देऊ नकोस." मधेच बाबांचा विषय निघे. बाबा कसे एक साखळी आणि कुलूप घ्यायला भुलेश्वरपर्यंत गेले होते, आणि वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त कसे टॅक्सीला घालवून आले. आम्ही हसत होतो.

या पद्धतीत ओळख लपवून चालत नाही, आणि त्याची किंमत मला कॉलेजात मोजावी लागली. बँकॉकला वाटलं मी खरंच येणार आहे. ग्रंथालय समितीच्या बैठकीत मी नव्या नियतकालिकांची यादी पडद्यावर दाखवत होते. कोपऱ्यात एक चौकट उघडली आणि तीत ताडाची झाडं, निळं पाणी आणि मोठ्या अक्षरांत: "अक्षता, बँकॉक तुमची वाट पाहत आहे! दोघांसाठी खास." सात प्राध्यापकांनी ते वाचलं. मी ते बंद केलं. ते पुन्हा उघडलं, या वेळी मसाजसह. बैठक संपल्यावर प्राचार्यांनी मला बाजूला घेऊन अत्यंत सहानुभूतीने सांगितलं, "जाऊन या, मॅडम. दुःखातून बाहेर पडायला माणसाला बदल हवा असतो." आजतागायत त्या मला 'कोणाबरोबर' हे न विचारण्याची काळजी घेतात.

एप्रिलमध्ये भाव एक लाख बारा हजारांवर आला. मी घेतलं नाही. छप्पन्न दिवस व्हायचे होते, मंगळवारही नव्हता. मग एक लाख सव्वीस. मग मी घाटकोपरला नंदा मॅडमच्या तिकिटांच्या ऑफिसात गेले. दोन टेबलं, एक देव्हारा. नंदा मॅडम वर न बघता म्हणाल्या, "शहाऐंशी हजार."

मी खुर्ची घट्ट धरली. "खरंच?"

"अमेरिकेतून जाते. तिथे चार तास बसायचं."

"चालेल की!"

"बसायला अमेरिकेचा व्हिसा लागतो."

"नुसतं बसायला?"

"हो. त्याची मुलाखतीची तारीख पुढच्या वर्षीची मिळतेय." त्यांनी दुसरं पान उघडलं. "हे बघा, ब्याण्णव. याच्यात अर्ध्या वाटेत सामान स्वतः घ्यायचं, बाहेर यायचं, दुसऱ्या कंपनीच्या रांगेत परत द्यायचं. नऊ तास मधे. आई किती वर्षांच्या?"

"अडुसष्ट."

"मग नको." हे त्या इतक्या मऊ आवाजात म्हणाल्या की मला त्यांच्याकडूनच तिकीट घ्यावंसं वाटलं. पण घेतलं नाही. तिसरं कोटेशन यायचं होतं.

हे वाक्य मनात उमटलं आणि मी घाटकोपरच्या जिन्यातच थांबले. मी बाबांना तीन वर्षं मनातून नावं ठेवली होती. चिक्कू म्हणाले होते, एकदा उघडपणे. आता कळत होतं की पैशांचा प्रश्न फार तर निम्मा असतो. जोवर तुम्ही भाव बघताय तोवर प्रवास तुमच्या पुढ्यात असतो, आणि घरात रोज एक विषय असतो. मला तिकीट घ्यायचंच नव्हतं. तिकीट घेतलं की संध्याकाळचा बाजार बंद, आणि मग जुलैत आई जाणार, सहा महिने. दोन खोल्यांत मी आणि तो लायटर.

मे उजाडला. एका शनिवारी हिल्डाकाकी, म्हणजे ॲम्ब्रोजकाकांची बायको, वाटी परत द्यायला आली आणि आमचा बाजार बघत दारातच उभी राहिली.

"अजून नाय घेतलं?"

"मंगळवारी बघू म्हणतोय," मी म्हणाले.

"अगं, ह्यांचं काय ऐकते? ग्लेनरॉयच्या लग्नाला ह्यांनी छप्पन्न दिवस मोजले, आणि आम्ही पोचलो तेव्हा केक कापून झाला होता. बाळ काय मंगळवार बघून येणारेय? उद्या ते विचारील, आजी कुठंय? तू सांग त्याला, नैरोबीचा भाव बघतेय."

आई माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळत होतं असं मला आत्ता वाटतं. "घे गो," ती म्हणाली. "पुरे झालं."

एक लाख अठरा हजार. सात जुलै, मंगळवार. ॲम्ब्रोजकाकांचा मान तेवढा राखला गेला. रद्द केल्यास पैसे परत नाहीत, अशा चौकटीवर मी खूण केली. दोन मिनिटांत तिकीट आलं. प्रवाशाच्या नावाच्या जागी पासपोर्टावरचं नाव होतं, पण कंपनीच्या यंत्राने मधली जागा काढून टाकली होती. परुळेकर, आणि पुढे मालनचंद्रप्रकाश. सलग, एका दमात.

आईने चष्मा लावून ते वाचलं. "चुकलं का गं काही?"

"नाही. असंच येतं. आपलं नाव आणि नवऱ्याचं नाव जोडून टाकतात."

ती बराच वेळ बघत राहिली. "मधे जागाच ठेवली नाही मेल्यांनी," ती म्हणाली, आणि उठून कुकर लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी छापील प्रत घेऊन हिल्डाकाकीकडे गेले. तिने हात पुसता पुसता म्हटलं, "थांब, तारीख लिहून ठेवते. त्या दिवशी ह्यांना गाडी काढायला लावते." तिच्या स्वयंपाकघरात मराठी दिनदर्शिका आहे, गॅस कधी लावला आणि दूध कधी आलं नाही ते ती तिच्यावर लिहिते. तिने पानं उलटून जुलै काढला. माझी नजर सहज चारच्या चौकटीवर गेली.

तिथे ज्येष्ठ होता.

मी पुन्हा बघितलं. चार जुलै, ज्येष्ठ वद्य. आषाढ पुढे कुठेतरी होता. मी मागे जून उलटला: ज्येष्ठ. मे: अर्ध्यातून ज्येष्ठ, आणि त्याच्या आधी बारीक अक्षरांत 'अधिक'.

"यंदा दोन ज्येष्ठ हायत ना," हिल्डाकाकी म्हणाली. "धोंड्याचा महिना. सतरापासून. मिठाईवाल्याकडे अनारशांची पाटी पण लागली. तुमच्यात माहीत नाय?"

आमच्यात माहीत नव्हतं. आषाढ वद्य पंचमी तीन ऑगस्टला होती. तिथी दरवर्षी अकरा दिवस आधी येते, हे खरं. अधिक महिना आला की ती एकदम जवळजवळ वीस दिवस पुढे जाते, हेही पहिलीतल्या पोराला ठाऊक असतं. आमचं दुःखाचं वर्ष तेरा महिन्यांचं निघालं, आणि ते मला एका कॅथलिक बाईच्या ओट्याजवळ कळलं.

आईला सांगितलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "मग ऑगस्टातलं कर."

"आई, बाळ बावीस जुलैला येणार आहे."

"येऊ दे. मी नंतर जाईन."

मी कंपनीला फोन लावला. बावन्न मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगी आली, तिने माझी भावना समजू शकते असं सांगितलं, आणि तारीख बदलायचे एकेचाळीस हजार होतील असंही. मी जरा घुटमळत विचारलं, घरात कोणी वारलं असेल तर काही सवलत असते का?

"हो मॅडम, असते. आय ॲम सो सॉरी. कोण वारलं?"

"वडील."

"केव्हा, मॅडम?"

"गेल्या जुलैत."

थोडा वेळ फक्त की-बोर्डचा आवाज. "मॅडम, ती सवलत सात दिवसांच्या आत वारलेल्यांसाठी आहे."

मी फोन ठेवला. मला दहा महिन्यांत इतका राग कोणाचा आला नव्हता, आणि त्या मुलीची काही चूक नव्हती. म्हणून तो आईवर निघाला.

"तुला कोणी सांगितलं होतं वर्षभर बसायला? गुरुजींनी सांगितलं? मावशीने? कोणी मागितलं होतं तुझ्याकडे?"

आई ओट्याला टेकून उभी होती.

"गेल्या जूनमध्ये भांडण झालं आमचं," ती म्हणाली. "तू कॉलेजात होतीस. ते परत तेच. अजून उतरेल. मी म्हटलं, तुम्ही बसा भाव बघत. मी माझी एकटी जाते." तिने ओट्यावरचं फडकं उचललं. "महिन्याने ते गेले. आता जाईन तेव्हा खरंच एकटीच. म्हणून म्हटलं, निदान वर्ष थांबते. एवढं तरी त्यांच्या मनासारखं."

मी लायटर काढून गॅस पेटवला आणि चहाला पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलुंड पूर्वेला गुरुजींकडे गेलो. मला पळवाट हवी होती. आईला फक्त तारीख पक्की करायची होती. गुरुजींनी पंचांग उघडलं, मधे दोन फोन घेतले, आणि तीन ऑगस्टवर बोट ठेवलं.

"श्राद्ध मुलगा तिकडे करेल. इथे करायचं तर ही करेल. मुलीने करायला माझी काही हरकत नाही. सकाळी आठला मी मोकळा आहे."

"आणि वर्ष?" आईने विचारलं. "वर्ष कधी पुरं होतं?"

"म्हणजे?"

"बारा महिने. मोजा ना जरा."

गुरुजींनी मोजले. "बारा महिने म्हणाल तर चार-पाच जुलैलाच भरतात. मधे अधिक आला म्हणून तिथी पुढे गेली. पण श्राद्ध आषाढातच हं."

आईने दक्षिणा ठेवली, पदर खोचला, बाहेर येऊन रिक्षा थांबवली. नाहूरचा पूल आला. मग समोरच्या आरशाकडे बघत, कोणाशीतरी बोलावं तशी म्हणाली, "मी वर्ष म्हटलं होतं. तेरा महिने नव्हते म्हटले."

तिचा तो मासळीबाजारातला आवाज मला माहीत होता. अशा वेळी मधे बोलायचं नसतं.

"बारा दिले. पुरे दिले, एक दिवस कमी नाही. तेरावा कोणाला हवा असेल तर त्याने माझ्यासमोर येऊन मागावा." रिक्षा सिग्नलला थांबली. पुढून कोणी काही मागितलं नाही. आई मागे टेकून बसली. "सातचंच राहू दे. श्राद्ध तू कर. खीर पातळ करू नकोस, त्यांना आवडत नाही."

सात जुलैला ॲम्ब्रोजकाकांनी गाडी काढली. विमान संध्याकाळचं होतं, काकांनी आम्हाला सकाळी साडेअकरालाच अंधेरीला विमानतळावर नेऊन उभं केलं, अनुभव होता. आई नवा पंजाबी ड्रेस घालून, पायात सुयोगने मागे पाठवलेले बूट, हातात लाडवांची पिशवी. दारावरच्या जवानाने तिकीट आणि पासपोर्ट ताडून पाहिला आणि तिला आत सोडलं. मला सोडलं नाही. काचेतून ती थोडा वेळ दिसली, मग ट्रॉल्यांच्या गर्दीत दिसेनाशी झाली.

दोन तासांनी तिचा फोन.

"अक्षता, माझ्या शेजारी एक बाई बसलीय. तीपण कॅलगरीलाच. तिने किती दिले असतील सांग."

"आई, विचारायचं नसतं."

"विचारलं मी. एक लाख एकतीस."

"मग आपण जिंकलो की!"

"तिने मला विचारलं, तुम्ही किती दिले?"

"मग?"

"मी एक लाख चाळीस सांगितले."

"का?"

"बरं वाटलं गो तिला," आई म्हणाली. "लांबचा प्रवास आहे."

बाळ एकोणीसलाच आलं. मुलगी. डॉक्टरांचाही हिशेब चुकतो, हे ऐकून मला बरं वाटलं.

तीन ऑगस्टला सकाळी आठला मी पाटावर बसले. गुरुजी सांगत गेले, मी करत गेले. बाबांचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी पळी खाली ठेवली. गुरुजी पंचांगात काहीतरी बघत राहिले, मी नीट होईपर्यंत. खीर दाट झाली होती. गच्चीत पान ठेवलं, आणि नाहूरचे कावळे कोणासाठी थांबत नाहीत, त्यांनी अर्ध्या मिनिटात ते साफ केलं. मग हिल्डाकाकी आणि काका जेवायला आले. काकांनी खीर तीनदा घेतली.

कॅलगरीला सकाळ झाली तेव्हा आमच्याकडे दिवेलागण होती. फोनवर सुयोग दिसला, सोवळ्याऐवजी पांढऱ्या लुंगीत, थंडीने आखडलेला. मागच्या अंगणाच्या कठड्यावर त्याने भाताचं पान ठेवलं होतं. आई बाळाला शालीत गुंडाळून दारात उभी.

"इथे कावळे आहेत की नाही कोण जाणे," सुयोग म्हणाला. "किती वेळ थांबायचं, आई?"

तेवढ्यात कठड्यावर एक पक्षी उतरला. कावळ्याएवढाच, पण पोट आणि खांदे पांढरेशुभ्र, लांब शेपटी. त्याने पानाकडे तिरक्या मानेने पाहिलं. एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, दोन पावलं मागे गेला, पुन्हा पाहिलं. मग भात उचलला.

"अगं बाई," आई म्हणाली. "काळी पँट, पांढरा शर्ट."

"आई, तो मॅगपाय आहे," सुयोग म्हणाला. "इथे खूप असतात. रोज येतो तो."

"रोज येतो?"

"रोज."

आईने बाळाचं तोंड कठड्याकडे वळवलं.

"मग बरं," ती म्हणाली. "म्हणजे त्यांचं परतीचं बघायला नको."